स्कोअरबोर्डवरचं नाव

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लेकाला ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सरावाला, घेऊन गेले आणि बघते तर मैदानावरच्या स्कोअरबोर्डवरून शेजारच्या आजोबांचं नाव गायब! तिथे एका प्रॉपर्टी एजंटचा हसरा फोटो, खाली फोन नंबर.

मेलबर्नबाहेरच्यांना सांगते, ह्या आजोबांनी तीस वर्षं दर शनिवारी त्या बोर्डावर आकडे टांगले. पत्र्याचे आकडे, हुकाला अडकवायचे, गोल झाला की सहा, बाजूच्या खांबातून गेला की एक, त्यामुळे सारखी धावपळ. जुलैच्या थंडीत बोटं निळी पडायची पण हातमोजे घालायचे नाहीत, हूक नीट लागत नाही म्हणे. आम्ही इथे नवीन, कुणी ओळखीचं नाही, तेव्हा माझ्या पोराला स्टुलावर उभं करून "आता तू लाव" म्हणणारे हेच. गेल्या वर्षी गेले.

मोठ्या मैदानांवर नावं विकणं कधीचंच चालू आहे, आता आमच्या गल्लीपर्यंत आलं एवढंच. मेलबर्नमधलं डॉकलंड्सचं स्टेडियम 2000 ला कोलोनियल, 2002 ला टेल्स्ट्रा डोम, 2009 ला एतिहाद, 2018 पासून मार्व्हल. अठरा वर्षांत चार बारशी! आणि 2016 पासून ते एएफएलच्याच, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मुख्य लीगच्याच, मालकीचं आहे हो, दुसऱ्या कुणाकडे बोट तरी कसं दाखवायचं? जिलाँगचं कार्डिनिया पार्क पण तसंच, शेल, स्किल्ड, सायमंड्स, आता जीएमएचबीए. आजोबा शेवटपर्यंत डॉकलंड्स आणि कार्डिनिया पार्कच म्हणायचे.

आणि फुटबॉलपटू टेड व्हिटन! फुट्सक्रे क्लबसाठी 321 सामने, 1954 ची प्रीमियरशिप म्हणजे लीगचं विजेतेपद. 1995 ला कॅन्सरने दृष्टी गेलेली, तरी गाडीत बसून एमसीजीला शेवटची फेरी मारली. आजोबा त्या दिवशी तिथे होते, सांगता सांगता दर वेळी गप्प व्हायचे. व्हिटन गेला त्याच वर्षी फुट्सक्रेच्या मैदानाला, वेस्टर्न ओव्हलला, त्याचं नाव दिलं, आणि आज त्या नावाच्याही आधी स्पॉन्सरचं नाव लावतात. कसं धजावतं मन?

पैसा लागतो, कळतं मला. आमच्याकडे मुलींसाठी चेंजिंग रूम झाली ती स्पॉन्सरमुळेच, बरं. मग कुंपणावर लावा ना जाहिरात, जर्सीवर लावा. एमसीजीच्या नावात अजून कंपनी घुसलेली नाही, स्टँडला शेन वॉर्नचं नाव आहे, कुठे अडलं त्यांचं? उद्या वानखेडेला मोबाईल कंपनीचं नाव दिलं तर आपण ऐकून घेऊ का?

एजंटवर राग नाही खरं तर, त्याला जागा दाखवली, त्याने पैसे भरले. राग आपल्याच क्लबचा येतोय. त्यातल्या अर्ध्या लोकांनी लहानपणी आजोबांच्या हातून आकडे घेतलेत, त्यांच्या थर्मासातला चहा प्यायलेत.

गाडीत बसल्यावर लेक म्हणाला, "आई, आजोबांनी पैसे दिले नव्हते का?"

मंगळवारी कमिटीची मीटिंग आहे, मी जाणारे. जुनी पाटी कुठे टाकलीत, ते आधी विचारणार.