फुगलेल्या बॅटरीला सुई? हा मेसेज आता थांबवा

‘वर्कस्टेशन लॅपटॉपवाल्यांसाठी सहा रामबाण उपाय’ असा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. कुणी लिहिला, त्याचा पत्ता नाही. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ एवढं मात्र आहे. माझा भाचा भुसावळला सिव्हिलची ड्रॉइंगं करतो. त्याने वापरलेला वर्कस्टेशन लॅपटॉप, म्हणजे जड ड्रॉइंग-डिझाइनच्या कामासाठीचा ताकदवान लॅपटॉप, घेतलाय. महिनाभर त्याचा टचपॅड वर येत होता, क्लिक लागत नव्हतं. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी फुगलेली. मग त्याचा मला फोन, “मामा, सुई काढी ठेवेल शे, टोची देऊ का?”

म्हणून त्या मेसेजचा तिसरा मुद्दा आधी घेतो. त्यात म्हटलंय: ‘बॅटरी फुगली तर घाबरू नका, बारीक सुईने भोक पाडून गॅस काढा, वर टेप लावा, बॅटरी आणखी दोन वर्षं चालते.’

हे वाचून कुणाचा तरी हात जळेल. कदाचित घरही. लॅपटॉपच्या या चपट्या बॅटरीत ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात धन आणि ऋण थर एकावर एक दाबून बसवलेले असतात. दोघांच्या मधे प्लॅस्टिकचा पडदा असतो, केसापेक्षाही पातळ. सुई आत गेली की पडदा फाटतो, दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि आतल्या आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने शेजारचा थर तापतो, मग त्याच्या शेजारचा. हे एकदा सुरू झालं की हाताने थांबवता येत नाही, कारण तापलेला धन थर स्वतःच ऑक्सिजन सोडतो. आत साठलेला गॅसही पेट घेणारा असतो. बॅटरी किती सुरक्षित आहे हे तपासताना प्रयोगशाळेत तिच्यात मुद्दाम खिळा घुसवतात, तोही बंदिस्त चेंबरमध्ये. तेच काम हा मेसेज आपल्या पोरांना घरी गादीवर बसून करायला सांगतोय.

‘मी केलं, काही झालं नाही’ म्हणणारे भेटतात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर आतली ऊर्जा कमी असते, म्हणून ते वाचले. त्यातूनही भोकातून दमट हवा आत गेली की इलेक्ट्रोलाइट म्हणजे आतल्या द्रवातल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि तो विषारी आहे. गॅस निघाल्याने बॅटरी बरी होत नाही. आतलं रसायन मोडलं, म्हणून तर गॅस झाला.

कंपन्या अशा वेळी काय करतात ते बघा. जानेवारी 2018 मध्ये एचपीने अमेरिकेत सुमारे 50,000 बॅटऱ्या परत बोलावल्या. त्यात झेडबुक म्हणजे वर्कस्टेशन मॉडेलंही होती. बॅटरी तापल्याच्या, वितळल्याच्या, काळवंडल्याच्या तक्रारी होत्या फक्त 8. तरी कंपनीने बायोसचं (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट काढून बॅटरीचं चार्जिंगच बंद करायची सोय दिली, लॅपटॉप ॲडॉप्टरवर चालवायला सांगितला आणि बॅटरी तंत्रज्ञाकडून फुकट बदलून दिली. पुढच्या वर्षी आणखी बॅटऱ्यांची भर पडली. जिने लॅपटॉप बनवला ती कंपनी त्या बॅटरीला ग्राहकाचा हात लागू देत नाही.

मग करायचं काय? लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, वर आलेला टचपॅड दाबून बसवू नका. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावात जो माहितगार असेल त्याच्याकडून बॅटरी काढून घ्या. बरेच वर्कस्टेशन बॅटरीशिवाय ॲडॉप्टरवर चालतात, काही थोडे हळू चालतात. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, तिथे कचरा दाबला जातो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

बाकीचे मुद्दे. ‘ब्राइटनेस कमी केल्यावर स्क्रीन लुकलुकते म्हणजे पॅनल डुप्लिकेट.’ नाही. उजेड कमी करायला कित्येक पॅनल मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, फार वेगाने चालू-बंद करतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पट्टे दिसतात ते यामुळेच. कधी ग्राफिक्सच्या सेटिंगमधलं ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ बंद केलं तरी लुकलुकणं जातं. पॅनल महाग असतं, म्हणून बदलण्याआधी बायोसचा स्क्रीन उघडून बघा. डेलचा लॅपटॉप असेल तर ‘डी’ दाबून ठेवून चालू करा, पडदा एकेक रंग भरून दाखवतो. तिथे चित्र स्थिर असेल तर बहुधा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. झाकण हलवल्यावर चित्र बदलत असेल तर बिजागरीजवळची केबल बघा.

‘दोन ग्राफिक्स कार्ड दिसतात, त्यातलं एक नकली.’ एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं. हलक्या कामाला पहिलं, जड कामाला दुसरं. विषय संपला.

‘बॉडीला झिणझिण्या येतात म्हणजे मदरबोर्ड शॉर्ट.’ आपल्याकडच्या जुन्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगची वायरच नसते. ॲडॉप्टरच्या फिल्टरमधला किंचित करंट मग जमिनीत न जाता धातूच्या बॉडीवर येतो, टचपॅडवरचा बाणही उड्या मारतो. वायरमनला बोलवा. थ्री-पिनची जाड पिन तोडू नका.

‘80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा’, हे मात्र बरोबर आहे, मान्य करावंच लागेल. उन्हाळ्यात भरलेली बॅटरी दिवसरात्र प्लगला ठेवली तर ती लवकर जुनी होते. ती सोय बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. फुगलेल्या बॅटरीला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

शेवटचा, ‘रेंडर लावण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.’ रेंडर म्हणजे ड्रॉइंगवरून पूर्ण चित्र तयार करणं, त्यात लॅपटॉप फार तापतो. भुसावळचा मे महिना मला ठाऊक आहे, पारा 45 च्या पुढे जातो, आणि बहुतेक लॅपटॉप 35 ते 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पण फ्रिजमधून काढलेला लॅपटॉप डेझर्ट कूलर लावलेल्या दमट खोलीत आणला की आतल्या बोर्डावर पाणी सुटतं. फॅनमधली धूळ काढा, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलून घ्या, मागची बाजू उचलून ठेवा, रेंडर रात्री लावा.

आणि वापरलेला वर्कस्टेशन घेताना दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मागा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारी-शेजारी येतात. मग लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही पाय टेकतात का ते बघा. डोलत असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते, घेऊ नका.