दोरीपेक्षा धावत येणारा माणूस

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी असते. बोल्ट नीट बसला नाही, काही खटकलं, की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. गाडी पुढच्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. याला 'आंदोन' म्हणतात.

आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये ही दोरी हमखास भेटते. साध्या कामगारालाही केवढा अधिकार, वगैरे. मला दोरीपेक्षा तो धावत येणारा माणूस मोलाचा वाटतो. "कोणी ओढली?" असं तो दरडावत नाही, काय अडलंय ते बघतो आणि हात लावतो. मी पूर्वी जिथं होतो त्या कारखान्यातही लाल बटण बसवलं होतं. एकदा मी ते दाबलं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी झाडाझडती झाली. त्यानंतर ते बटण कोणी दाबलेलं मी पाहिलं नाही.

आणि दोरी ओढली म्हणून आपल्यावर कोणी उलटणार नाही, हा भरवसा जपान्यांच्या रक्तातच असतो, हेही खरं नाही. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. कपातीवरून मोठा संघर्ष पेटला. दीड हजारांहून जास्त कामगारांनी कंपनी सोडली आणि संस्थापक किइचिरो तोयोदा स्वतःही अध्यक्षपदावरून उतरले. पुढच्याच वर्षी कामगारांकडून सुधारणा मागवणारी सूचना योजना सुरू झाली. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियननं परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. मला हे सगळं एकाच धाग्यातलं वाटतं. माझ्या सूचनेनं दोन माणसांचं काम वाचलं आणि त्या दोघांतला एक मीच निघालो, अशी धास्ती असेल तर सूचना देणार कोण?

पण नोकरी जाणार नाही या आधाराची जी किंमत जपानमधला नोकरदार मोजतो, ती मला मुळीच मान्य नाही. कंपनी सांभाळते, म्हणून कंपनी पाठवेल तिथं जायचं. तोआ पेंट या कंपनीतल्या एका विक्री कर्मचाऱ्यानं कोबेहून नागोयाला बदली नाकारली. घरी ७१ वर्षांची आई, नोकरी करणारी बायको, २ वर्षांची मुलगी. कंपनीनं त्याला काढून टाकलं. १९८६ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं बदलीचा हुकूम योग्य ठरवला; एवढी गैरसोय माणसानं सोसायचीच असते, असा त्याचा अर्थ. सैल बोल्टसाठी लाइन थांबवता येते, लेकीसाठी बदली थांबवता येत नाही!

एप्रिल २०२४ पासून कामावर घेतानाच पुढे बदली कुठवर होऊ शकते हे लेखी सांगणं तिथं बंधनकारक झालंय. चांगलं झालं. पण "नाही" म्हणायची दोरी त्यातही नाही, आणि ती हवीच.