तुझ्या ओळखीत कोण डॉक्टर आहे का?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला दादाचा फोन. मी नुकतीच इव्हिनिंग ड्युटी करून आलेले, ताटातला भात गार झालेला. त्याच्या पोरीचा बीएससी नर्सिंगला नंबर लागला म्हणून आधीच पेढे वाटून झाले होते, त्यामुळे मला वाटलं हॉस्टेलच्या गादीबिदीचं काहीतरी विचारायचं असेल. तर म्हणतो, "अगं तुझ्या ओळखीत कोण डॉक्टर आहे का, एक सही-शिक्का पाहिजे." कशाला, तर कागदपत्रांच्या यादीत हिपॅटायटीस बी च्या लसीचे तीन डोस झाल्याचं सर्टिफिकेट मागितलंय आणि रिपोर्टिंगला राहिलेत आठ दिवस. आता तीन डोस म्हणजे आज एक, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, ते आठ दिवसात कुठून बसणार. "मागच्या तारखा टाकून देईल की कोणीतरी, सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात हे खरं आहे, म्हणून तर डोकं फिरलं. मी सरळ नाही म्हणलं. दादा म्हणाला बावीस वर्षं दवाखान्यात घालवून घरच्यांच्या एका कागदाला उपयोग नाही तुझा, आणि फोन ठेवला.

आता माझं ऐका. मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला होते. नाईट ड्युटी, पहाटेचे चार, एका पेशंटचं रक्त काढलं आणि सुईला परत टोपण लावायला गेले (तेव्हा सगळ्याजणी लावायच्या, आज कुणी लावताना दिसलं तर मी हातावर फटका मारते) आणि सुई डाव्या बोटात. सिस्टरनी केसपेपर उघडून बघितला, पेशंट एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटीस बी चा विषाणू. आपल्याकडं ज्याला पांढरी कावीळ म्हणतात ती. माझा एकच डोस झालेला, हॉस्टेलवरच्या कॅम्पमधला. दुसऱ्याच्या तारखेला मी गावी जत्रेला गेले होते. कागदावर मात्र तीनही डोस पूर्ण, बाईंनी सगळ्या बॅचचं एकदमच भरून टाकलेलं.

लस न घेतलेल्या माणसाला अशी सुई टोचली तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीचं हेच प्रमाण हजारात तीन. लोक एचआयव्हीचं नाव काढलं की चार पावलं मागे सरतात आणि कावीळ म्हणलं की गावठी औषध कुठं मिळतं ते सांगतात. वर हा विषाणू बाहेर सांडलेल्या, सुकलेल्या रक्तात सात दिवससुद्धा टिकतो. तर मला तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन घ्यायचं होतं, इम्युनोग्लोब्युलिन, ते होता होईल तेवढं चोवीस तासांच्या आत. बाबा गावाहून पहिल्या एसटीने आले, सोसायटीतून उचललेले पैसे घेऊन, आणि आम्ही दोघं मेडिकल-मेडिकल फिरलो. संध्याकाळी मिळालं. त्यानंतर सहा महिने रक्त तपासत बसले. घरी आईला काय झालंय ते सांगितलंच नव्हतं, सुट्टीत गेले की माझा टॉवेल आणि ब्लेड मी वेगळी ठेवायची आणि आई म्हणायची, शहरात राहून पोरगी नखरेल झाली. रिपोर्ट शेवटपर्यंत निगेटिव्ह आले, नशीब. पण ते बाईंनी भरलेलं सर्टिफिकेट अजून माझ्या फाईलीत आहे, बघितलं की हात गार पडतात.

हे सगळं दादाला फोनवर सांगायचं तर तो ऐकणार नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनीला फोन केला. म्हणलं, पोरीचं लहानपणीचं लसीचं कार्ड शोधा. वहिनी म्हणाल्या ते कुठलं आता, घर बदललं तेव्हा गेलं असेल. पण बाईमाणूस कागद टाकत नाही, तांदळाच्या डब्याखाली नाहीतर ट्रंकेत असतोच. तासाभराने व्हॉट्सॲपवर फोटो आला. पिवळं पडलेलं कार्ड, बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर सगळं भरलेलं, आणि समासात पेनने लिहिलेलं, "कावीळ ब", खाली दोन तारखा. तिसरी नाही.

पोरगी २००७ ची. हिपॅटायटीस बी ची लस सरकारी लसीकरणात २००७-०८ ला दहा राज्यांत आली, त्यात महाराष्ट्र होता, सगळ्या देशात यायला २०११-१२ उजाडलं. म्हणजे आत्ता बारावी होऊन जी पोरं नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसीला चाललीत ती बरोबर या काठावरची आहेत. कुणाला मिळाली, कुणाला अर्धी मिळाली. त्या आरोग्यसेविकेने छापील रकाना नसताना समासात तारखा लिहून ठेवल्या, तिला खरंच हात जोडावेसे वाटतात. कारण या लसीचं असं आहे की मध्ये कितीही वर्षं गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथं थांबलं तिथून पुढं. दादा तीन डोसच्या खोट्या तारखा शोधत होता आणि पोरीला खरा लागत होता एक!

डोस तिसऱ्या दिवशी घेतला. दंडात घ्यायला सांगितला, कमरेत नको, कमरेतल्या चरबीत ही लस नीट लागू होत नाही. कॉलेजने कार्डची झेरॉक्स आणि नवी चिठ्ठी मुकाट्याने घेतली. ज्यांचे डोस अर्धवट होते त्यांच्याकडून पुढच्या तारखांचं हमीपत्र घेतलं आणि ॲडमिशन दिली. कुणालाही परत पाठवलं नाही. मग ती खोटी सर्टिफिकेटं कुणासाठी बनतात हो? निम्म्या लोकांनी कॉलेजला एक फोन करून विचारलेलं नसतं.

पण कॉलेजवाल्यांनाही सोडणार नाही मी. कागद मागता तर टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण, का मागत नाही? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, अँटीबॉडी दहाच्या वर आली की तुम्ही सुरक्षित. शंभरात पाच-दहा जणांना तीन डोस घेऊनही ती येत नाही. माझ्याच वॉर्डातली एक सिस्टर, तीनही डोस घेतलेली, पंधरा वर्षं बिनधास्त काम करत होती, पहिल्यांदा तपासलं तर दहाच्या खाली. परत डोस द्यावे लागले. आणि ही पोरं फर्स्ट इयरलाच वॉर्डात जातात, प्रवेशाच्या आठ दिवस आधी सर्टिफिकेट मागून काय होणार, सीईटीचा फॉर्म भरतानाच सांगा ना की बाबांनो आजपासून डोस सुरू करा, तेवढ्यात होतात की सहा महिने.

यादीतल्या रुबेलाच्या लसीचं मात्र काम सोपं निघालं. नोव्हेंबर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत पोरीने शाळेत टोचून घेतलं होतं. त्यावेळी दादा मला रोज ते अफवांचे मेसेज फॉरवर्ड करायचा, घ्यायची का नको म्हणून. पोरगी बापाला न विचारता रांगेत उभी राहिली आणि अंगठ्याला मार्करची खूण घेऊन घरी आली. मला तेव्हाच वाटलेलं, ही नर्स होणार.

काल ड्युटीवर हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगत होते. आमच्या वॉर्डातल्या मावशी कोपऱ्यात चहा पीत ऐकत होत्या. लाल पिवळ्या पिशव्या त्या उचलतात, सुयांचा पांढरा डबा त्या नेतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस दवाखान्याने द्यायची. मावशी कंत्राटी, अकरा वर्षं झाली. कप विसळता विसळता म्हणाल्या, "सिस्टर, त्या पोरीला दिलं ते इंजेक्शन आमाला कुठं मिळतंय?"

उद्या मॅट्रनना भेटायचं ठरलंय. दादा अजून बोलत नाही माझ्याशी.