मिशीचं कोटेशन

मी हिशेबशास्त्र शिकवतो. घसारा, तेरीज, ताळेबंद, यात माझं बरं चाललं होतं. पण मराठीच्या बाईंची बाळंतपणाची रजा आणि इंग्रजीच्या सरांचा गुडघा एकाच सत्रात आला आणि सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडला. प्राचार्य म्हणाले, "गणपतीत आरती तुम्हीच म्हणता ना? मग झालं तर."

परगावच्या माणसाला वाटेल, कोल्हापुरात हे काम म्हणजे चैनच. कलापूरच म्हणतात गावाला. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा घडवला, अल्लादियाखाँसाहेब इथल्या दरबारात गायले, शाहू महाराजांनी नाटकाचं पॅलेस थिएटर आणि कुस्तीचं खासबाग मैदान शेजारी शेजारी उभं केलं. ताप होतो तो यामुळंच. कलेतलं कळत नाही असा माणूस गावात मी एकटाच, आणि विभागप्रमुखही मीच.

आमच्या शिपाईमामांचे आजोबा भालजी पेंढारकरांच्या पिक्चरमध्ये मावळा होते. गर्दीतले. पण तेवढ्या भांडवलावर मामा तालमीच्या मध्येच पाण्याचा जग खाली ठेवतात. "तलवार अशी धरत्यात व्हय रं? झाडू हाय का त्यो?" आणि वाईट म्हणजे त्यांचं बरोबर असतं. पोरंही ऐकतात. माझं ऐकत नाहीत. शाहू महाराजांचं ते पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडलं, त्या आठवड्यात मात्र मामांनी कुणाची तलवार सरळ केली नाही.

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आधी जिल्ह्याचा, मग मध्यवर्ती. लोकनृत्य, पथनाट्य, नकला, मूकनाट्य, रांगोळी, सगळीकडं आमची नावं गेलेली. फक्त सराव कुठं करायचा हे कुणी ठरवलेलं नव्हतं. हॉलमध्ये परीक्षा. जिमखान्यात कॅरम. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एकदा नाचलो तर ब्युरेट हलल्या म्हणून लेखी तक्रार आली. शेवटी पार्किंग मिळालं, तेही "आवाज न करता" या अटीवर. हलगी आवाज न करता कशी वाजवतात हे मी हलगीवाल्या पोराला विचारलं. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच मान खाली घातली. मूकनाट्य हा आमच्या प्राचार्यांचा सर्वांत आवडता कलाप्रकार आहे.

पण खरं नाट्य ऑफिसात. लोकनृत्याला फेटे आणि मिशा भाड्यानं हव्या होत्या. अर्ज घेऊन मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभा. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"सर, मिशीला तीन कोटेशनं जोडा."

"भाऊसाहेब, गावात मिशा देणारं दुकानच एक आहे."

"मग तसं पत्र द्या त्याचं. आनि ही मिशी परत येनार का? न्हाई म्हंजे, डेड स्टॉकला लावायची का कन्झ्युमेबलला?"

वीस वर्षं मी मुलांना भांडवली खर्च आणि महसुली खर्च यातला फरक शिकवतोय. मिशीपाशी माझी वाचा बसली. घामानं निघाली तर कन्झ्युमेबल, चिकटून राहिली तर डेड स्टॉक, असं मी काहीतरी बोललो. भाऊसाहेबांनी ते टिपून घेतलं.

पोरं मात्र अजब. वर्गात पहिल्या तासाला ज्यांचं दर्शन दुर्लभ, ती सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये हजर. कागलहून, पन्हाळ्याच्या बाजूनं, पहिली एसटी पकडून. पथनाट्यात एकाला नुसतं प्रेत व्हायचं होतं. पार्किंगशेजारी गटार. डास कपाळावर बसून रक्त प्यायला लागला तरी गड्यानं पापणी हलवली नाही. माझ्या तासाला हाच पाच मिनिटं एका जागी बसत नाही. एक तर त्याला प्रेत व्हायला आवडत असावं, किंवा मी नीट शिकवत नसावा. दुसऱ्या शक्यतेचा विचार मी परीक्षेनंतर करणार आहे.

त्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी, कमिटी यायची ठरली आणि रातोरात कलेला भाव आला. सांस्कृतिक उपक्रमांचे पुरावे हवेत, जिओटॅग फोटोंसह! हलगी ऐन रंगात आली की एक सर मोबाइल उंचावून ओरडायचे, "थांबा, लोकेशन पकडंना!" पोरं एक पाय वर धरून उभी. मामा चिडून म्हणायचे, "मूकनाट्य यापेक्षा बरं हुतं."

फोटो छान आले. फक्त मागं स्कुटींची रांग आणि भिंतीवर 'दुचाकी वाहनतळ' ही पाटी. प्राचार्यांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि म्हणाले, "ती पाटी काढा. 'खुला रंगमंच' अशी लावा. अहवालात एक सुविधा वाढली."

पाटी लगेच बदलली. इतक्या झटपट या संस्थेत नळसुद्धा बदललेला मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या जागी स्कूटर लावायला गेलो, तर मामा आडवा हात घालून उभे.

"इथं न्हाई लावायची, सर. रंगमंच हाय."

"मग गाडी कुठं लावू, मामा?"

"हॉलमध्ये लावा की. रिकामाच असतोय परीक्षा झाल्यावर."