‘ज्यू कधी ग्रीक नव्हतेच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल रात्री आत्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “खरं आहे का रे हे?” ती अलिबागला राहते, शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब, म्हणून कुणीतरी तिला तो मुद्दाम धाडलेला. मेसेज म्हणतो: ज्यू आणि ग्रीक जन्माचे वैरी; ज्यूंनी ग्रीक भाषा, ग्रीक नावं कधी घेतलीच नाहीत; ग्रीसमधले ज्यू म्हणजे १४९२ नंतर स्पेनहून आलेले उपरे. आणि पुरावा काय, तर आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे हेच बेने इस्रायली, ज्यांचे पूर्वज म्हणे ग्रीक राजाच्या छळातून पळून आले!

वैराच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. चौथा अँटायोकस या ग्रीक राजाने इ.स.पू. १६७ च्या सुमारास सुंता आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) यांवर बंदी घातली, जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. त्यातून मक्काबी या ज्यू घराण्याचं बंड पेटलं, हनुक्काचा सण आला. पण त्या बंडाची हकिगत सांगणारा ‘मक्काबी’चा दुसरा ग्रंथ जरा उघडा. तो ज्यू लेखकाने ग्रीकमध्येच लिहिलाय, सायरीनीच्या जेसन नावाच्या ज्यूच्या पाच खंडांचा सारांश म्हणून. ‘ज्यूडाइझम’ या शब्दाचं ग्रीक मूळ आपल्याला सर्वांत आधी भेटतं तेही तिथेच. जेरुसलेममध्ये ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उभारली ती खुद्द ज्यूंच्या प्रमुख पुरोहिताने, त्याचंही नाव जेसन. बंडाचा नेता यहूदा याने रोमला धाडलेले दूत कोण? युपोलेमस आणि जेसन, दोन्ही नावं ग्रीकच. ‘सिनेगॉग’ हा शब्दसुद्धा ग्रीक आहे. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीही वाचलेलं नाही.

‘उपरे’ हा शब्द मात्र मला फार झोंबला. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहराचे बहुतेक ज्यू स्पेनहून आलेल्यांचे वंशज, घरात लादिनो (ज्यूंची जुनी स्पॅनिश) बोलणारे, हे कबूल. पण साडेचारशे वर्षं एका गावात राहिल्यावर उपरे कसले? आणि ग्रीसमधल्याच योआनिना, खाल्किस या गावांचे रोमानियोत म्हणवणारे ज्यू तर त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथले, मायबोली ग्रीक. खाल्किसचाच कर्नल मोर्देखाय फ्रिझिस ५ डिसेंबर १९४० ला अल्बेनियाच्या आघाडीवर इटालियन फौजेशी लढताना मारला गेला, ग्रीक सैन्याचा अधिकारी म्हणून. योआनिनाच्या सुमारे १,८५० ज्यूंना नाझींनी भर बर्फात ट्रकमध्ये कोंबून नेलं ते २५ मार्च १९४४ ला, ग्रीसच्या राष्ट्रीय दिनी. ऑश्विट्झच्या मृत्युछावणीहून फार थोडे परतले. अशा माणसांना ‘ते ग्रीक नव्हतेच’ म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा घराबाहेर काढणं आहे.

राहता राहिले शनवार तेली. अँटायोकसच्या छळातून पूर्वज निघाले आणि नवगावजवळ गलबत फुटलं, ही त्या समाजाने जपलेली आठवण आहे. त्या काळचा लेखी पुरावा नाही. ती जशीच्या तशी मानली, तरी एका राजाला कंटाळून काही घरं निघाली, एवढंच त्यातून कळतं.

आत्या, ज्याने तुला मेसेज पाठवला त्यालाच हे पाठव.