पाऊण घोड्याचा प्रश्न

शंभर सीसीच्या गाड्यांत फरक जवळपास नसतोच, आणि म्हणूनच त्यांतली एक निवडताना माणूस घाईला येतो. बुलेट घ्यायची की स्कूटी, असा प्रश्न असता तर चहा संपायच्या आत निकाल लागला असता. पण स्प्लेंडर, शाईन १००, प्लॅटिना आणि टीव्हीएस स्पोर्ट ओळीनं उभ्या करा, नावं झाका आणि दहा पावलं मागे जाऊन सांगा कुठली कोणती ते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसी, शाईनचं ९८.९८, प्लॅटिनाचं १०२, स्पोर्टचं १०९.७. ताकदीत शाईन सगळ्यात खाली, ७.३८ अश्वशक्ती, स्पोर्ट सगळ्यात वर, ८.१९. म्हणजे चार कंपन्या, त्यांच्या जाहिराती आणि माझी झोप, हे सगळं पाऊण घोड्यासाठी. आता पाऊण घोडा म्हणजे पुढून पाऊण की मागून, हे एकाही माहितीपत्रकात दिलेलं नाही.

तरीही मी एक्सेल उघडलं. नोकरदार माणसाला शंका आली की तो देवाकडे नंतर जातो, आधी एक्सेलकडे. टाकी किती लिटरची, सीट किती उंच, वजन किती, सगळे रकाने भरले. शाईन ९९ किलोची, स्प्लेंडर ११२ ची. हा तेरा किलोंचा फरक मला फार मोलाचा वाटला. ट्रॅफिकमध्ये हलकी गाडी बरी पडते, पार्किंगमध्ये ओढताना कंबर वाचते, वगैरे मी घरात समजावून सांगत होतो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नानंतर तुमचंच तेवढं वाढलंय. आधीच्या गाडीनं कधी तक्रार केली का?" मी वजनाचा रकाना हाइड केला.

मग कराचा रकाना उघडला. महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला दहा टक्के रोड टॅक्स, त्यावर गेलात की अकरा. स्प्लेंडर आणि शाईन आत, बाकीच्या दोघी बाहेर. ९८.९८ या आकड्याकडे मी त्या दिवसापासून आदरानं बघतो. हा आकडा इंजिनिअरनं काढला असेल असं मला वाटत नाही. यामागे कोणीतरी मुरलेला सीए असणार.

खरी परीक्षा मात्र एक्सेलच्या बाहेर होती. गाडी घ्यायची आहे हे मी फक्त मेहुण्याला सांगितलं होतं, पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ऐकलं ते खरं का?" त्यानंतर जो भेटला त्यानं सल्ला दिला. प्रत्येकाचा सल्ला एकच होता: माझी आहे तीच घ्या. प्लॅटिनावाला कधी म्हणत नाही की बाबा, मी घेतली पण तू शाईन बघ. आपण आठ वर्षांपूर्वी केलेली खरेदी बरोबर होती, याचा पुरावा म्हणून त्याला मी हवा असतो.

काकांचं तर विचारूच नका. त्यांनी १९८५ साली आलेली सीडी १०० चालवली आहे आणि 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही तिची जाहिरात ते अजून म्हणून दाखवतात. त्यांच्या लेखी आजही दुकानात 'हिरो होंडा'च मिळते. २०१० च्या डिसेंबरात दोघांनी काडीमोड जाहीर केला, आता एकाची स्प्लेंडर आणि दुसऱ्याची शाईन समोरासमोर उभ्या आहेत, हे मी सांगून बघितलं. काका म्हणाले, "अरे, भांडण असेल तात्पुरतं. तू हिरो होंडा घे."

आणि ॲव्हरेज! पगार, वय आणि गाडीचं ॲव्हरेज या तीन गोष्टी मराठी माणूस कधी खऱ्या सांगत नाही. पहिल्या दोन कमी करून सांगतो, तिसरी वाढवून. मेहुण्याची गाडी सत्तर देते. कुठे देते? सोलापूर हायवेला, पहाटे, एकटा असताना, पाठीवर वारा घेऊन. सेक्रेटरींची पंच्याऐंशी देते. हे ते खाली पार्किंगमध्ये सांगत होते आणि वर गॅलरीत त्यांच्या सौ. कपडे वाळत घालत होत्या. त्या वरूनच म्हणाल्या, "मग पेट्रोलला एवढे पैसे कशाला मागता हो?" सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले.

मोजलंय का कोणी? टाकी काठोकाठ भरायची, पाच-सातशे किलोमीटर हिंडायचं, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. चौथीतलं गणित आहे. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकानंही ते केलेलं नव्हतं. बाबांचं म्हणणं, गाडी ॲव्हरेज देत नसते, ते काढावं लागतं. ते अजूनही चांदणी चौकाचा उतार इंजिन बंद करून उतरतात. स्प्लेंडरच्या काही मॉडेलांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं, हे ऐकून त्यांना आनंद झाला नाही. "त्यात गाडीचं काय कौतुक? मी हे हातानं करत आलोय."

पुण्यात राहून ॲव्हरेजबद्दल बोलताना आणखी एक अडचण आहे. कंपन्या ज्याचा दाखला देतात ते एआरएआय आमच्या डोक्यावरच आहे, वेताळ टेकडीवर. गाड्या तपासणारी, १९६६ सालची संस्था. कोथरूडकर तर त्या भागाला सरळ एआरएआयची टेकडी म्हणतात आणि सकाळी तिथे मोर बघायला जातात. वर प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाक फिरतं, गाडी जागची हलत नाही. खड्डा नाही, सिग्नल नाही, समोरून उलट्या बाजूनं येणारा नाही. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, नळ स्टॉपला, संध्याकाळी साडेसहाला माझी गाडीसुद्धा जागची हलत नाही. फक्त वर चाक तरी फिरतं.

शेवटी मी हिशोब करून टाकला. महिन्याला साधारण सहाशे किलोमीटर. साठ देणारी गाडी दहा लिटर पिणार, सत्तर देणारी साडेआठच्या जरा वर. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे. फरक निघाला महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास. ज्यावरून मेहुणा आणि सेक्रेटरी यांच्यातलं बोलणं जवळजवळ बंद व्हायला आलं होतं, तो मुद्दा सात-आठ वडापावांचा होता.

मधेच सीएनजीचं वारं आलं. बजाजची फ्रीडम १२५, जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल, २०२४ च्या जुलैत इथे पुण्यातच बाहेर पडली. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल. ऑफिसात एकानं फारच आग्रह धरला. मी ऑफिसला जाताना वाटेतल्या सीएनजी पंपाकडे नीट बघितलं. रांगेत रिक्षांच्या रिक्षा, त्यांतल्या एकीत चालक पाय पुढे काढून झोपलेला. गाडी स्वस्तात चालेल यात शंका नाही, पण त्या झोपलेल्या रिक्षावाल्याच्या मागे उभं राहायची साधना माझ्याकडे नाही.

गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो, कारण हा एकच माणूस असा की ज्याला आपण कुठलीही घेतली तरी फायदाच. तो खाली बसून एका स्प्लेंडरची चेन रॉकेलनं धूत होता. "साहेब, इंजिन कोणाचंच मरत नाय आता. तुम्ही ऑइल टायमावर बदलता का, ते सांगा." मी विषय बदलला. त्याच्या दुकानात भिंतीवर खिळ्यांना क्लच वायरी टांगलेल्या असतात, एकेका खिळ्याला एकेक गाडी. एका खिळ्यावर भला मोठा जुडगा होता, शेजारच्या खिळ्यावर दोनच. मला वाटलं, झालं, मिळाला पुरावा. पण कशाचा? जुडग्याच्या गाडीची वायर सारखी तुटते, की ती गाडी गल्लीत सगळ्यांकडे आहे? की दोनवाल्या गाडीच्या वायरी भराभर खपून संपल्यात? मी विचारलं. तो म्हणाला, "ती माळ कालच आणलीय." मग तो स्वतःच्या दुःखाकडे वळला. २०२० च्या एप्रिलपासून, प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आल्यावर, बहुतेक गाड्यांतले कार्बोरेटर गेले. आधी एक स्क्रू पाव आटा फिरवला की गिऱ्हाईक खुश होऊन चहाला पैसे देऊन जायचं. आता इंजेक्टर. "आता फिरवायला काय ठेवलंच नाय."

यानंतर शोरूम. तिथे बायकोही आली, आणि माझ्या एक्सेलमध्ये नसलेला रकाना तिच्याबरोबर आला. कोपऱ्यात टाय लावलेला मुलगा होता. त्यानं मला टेस्ट राइड देऊ केली. बायको म्हणाली, "आधी मी बसते. मागे." मुलगा गोंधळला. "मॅम, टेस्ट राइड सरांची असते ना." "सर चालवतील हो. पण भाजीची पिशवी घेऊन मागे कोण बसणार?" ती खरोखरच पिशवी घेऊन आली होती. त्यात दोन किलो कांदे होते.

मग तिनं एकेका गाडीवर एका बाजूला बसून बघितलं. डावा पाय कुठे टेकतो, साडी चाकापासून किती लांब राहते, मागची दांडी हाताला येते की पाठीला टोचते. एका १२५ सीसीच्या स्टायलिश गाडीची मागची सीट इतकी उंच आणि उतरती होती की ती माझ्या खांद्यावरून रस्ता बघत होती आणि कांदे माझ्या मानेवर येत होते. मुलगा उत्साहानं म्हणाला, "मॅम, साडी गार्ड काढून देतो, लुक येतो." यावर मला माझं वाचन कामाला आणता आलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम खास मागे बसणाऱ्यासाठी आहे: धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण. मुलानं माझ्याकडे आरटीओचा माणूस आहे की काय अशा नजरेनं बघितलं आणि पाणी मागवलं.

मी कुठल्या गाडीची परीक्षणं वाचली नव्हती? पिकअप, गिअर, हँडलची थरथर, सगळं. पण एकाही परीक्षकानं कांदे घेऊन मागे बसून बघितलं नव्हतं. लांब, सपाट सीटवर ती एकदाची नीट टेकली, पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ही." ती प्लॅटिना होती. अकरा लिटरची टाकी, अकरा टक्के टॅक्स. चार गाड्यांचं एक्सेल मी तिथेच मोबाईलवर बंद केलं. 'सेव्ह करायचं का?' असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं.

कोटेशनचं फार सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वाचलेले पैसे कुठे ठेवायचे ही काळजी होती. ती शोरूमनं मिटवली. हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग, आणि ॲक्सेसरीज किट, ज्यात एक सीट कव्हर गाडीच्या सीटला आधीच असलेल्या कव्हरवर घालायचं होतं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा तर कायद्यानंच आहे, त्यावर बोलायची सोय नाही. बाकीच्यावर बायको बोलली. टेफ्लॉन गेलं, सीट कव्हर राहिलं, कारण ते फुकट झालं.

डिलिव्हरी दसऱ्याला. त्या दिवशी शोरूममध्ये मुहूर्त एक आणि गिऱ्हाइकं शंभर असा प्रकार. झेंडूचा हार, हँडलला नारळ ओवाळून झाला, पुढच्या चाकाखाली लिंबू. हातात थर्माकोलची भलीमोठी चावी देऊन आमचा फोटो काढला आणि लगेच ती काढून मागच्या कुटुंबाला दिली. खरी चावी शोधायला जरा वेळ लागला. टाकीत पेट्रोल पंपापर्यंत पोचेल एवढंच होतं.

पंपावर मी गाडी सरळ उभी केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि पोराला ऐटीत म्हणालो, "काठोकाठ भर. आजपासून मोजणार आहे."

मागच्या लांब सीटवरून आवाज आला, "दोनशेचं टाका हो."