मार्च एंड आणि नवं-जुनं

मार्च लागला की गावात एकच विचारणा सुरू होते, "झालं का नवं-जुनं?"

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत पूर्ण भरायचं आणि तेच पुन्हा नव्याने उचलायचं. कागदावर वसुलीही दिसते, वाटपही दिसतं. गटसचिव (सोसायटीचा कारभार बघणारा) खूश, बँक खूश. कर्ज होतं तिथंच.

मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य. केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून हे होतं. ऐकायला झकास! पण कर्ज दीड लाखाचं, तेवढे रोख आणायचे कुठून? सोयाबीन दिवाळीलाच विकून बसलेलो, उसाचं बिल कारखान्याकडे, कांद्याचं तर बोलायलाच नको. मग गावातला 'देणारा' गाठायचा. महिन्याला शेकडा तीन. पैसे वापरायचे आठ दिवस, व्याज अख्ख्या महिन्याचं, म्हणजे साडेचार हजार. त्यात नवं वाटप लांबलं (शाखेत कॅश नाही, साहेब रजेवर) की दुसरा महिना लागतो. झाले नऊ हजार. बँकेने सात टक्क्यांनी वर्षभराचं व्याज घेतलं असतं तरी साडेदहा हजारच झाले असते. सरकारने सोडलेलं व्याज बहुतेक सगळं सावकाराच्या खिशात गेलं, आणि जाहिरातीत आम्ही बिनव्याजी कर्जवाले.

गंमत म्हणजे हे पीककर्ज ज्यावर मिळतं त्या किसान क्रेडिट कार्डाच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात उचललेली प्रत्येक रक्कम बारा महिन्यांत फिटावी एवढंच आहे. खातं एकदा शून्यावर आणलंच पाहिजे, अशी अट नाही. माल विकला की भरा, लागेल तसं काढा, व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटसारखं. आमच्याकडे मात्र "आधी नील करा, मग बघू."

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं खातं वर्षानुवर्षं नियमित आहे, त्याला शाखेतच एका टेबलावर जमा आणि दुसऱ्यावर नावे (म्हणजे नवं कर्ज) करून द्या. मधला सावकार आपोआप उठेल. वसुलीचे आकडे तेवढे फुगीर दिसणार नाहीत, आणि खरी अडचण तीच असावी.

आणि शिस्तीचे धडे आम्हाला देऊ नका. २०१९ च्या कर्जमुक्तीत थकबाकीदारांचे २ लाखांपर्यंत माफ झाले. उसनवारी करून नवं-जुनं करणारे 'नियमित' ठरले. त्यांच्या वाट्याला ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन आलं, तेही हातात पडायला २०२२ उजाडलं. तोवर शेकडा तीनने किती गेले, ते ज्याचं त्याने मोजावं.